सहाशे बारा जणांचा पत्ता

टपालमामांच्या दुकानात खुर्च्या दोन, आरसे दोन, गिऱ्हाइकांसाठी बाक एक आणि मतदार सहाशे बारा. मतदार डोळ्यांना दिसत नसत, पण सरकारी यादीत ते व्यवस्थित छापलेले होते. दहा बाय बाराचं दुकान, मागच्या बाजूने जिना, वर दोन खोल्या, आणि त्या पत्त्यावर म्हणे सहाशे बारा सज्ञान माणसं राहत होती. त्यांतली खरी दोनच, मामा आणि मामी. बाकीचे सहाशे दहा जण रस्त्यापलीकडच्या वस्तीतले. हे असं का, हे त्या रस्त्यावरच्या कुणीही सांगितलं असतं. पण विचारायचं सुचायला सरकारला अठ्ठावीस वर्षं लागली, आणि सुचलं तेव्हा वस्तीच्या तोंडचं पाणी पळालं.

वस्ती म्हणजे काचकारखान्याने कामगारांसाठी बांधलेल्या नऊ रांगा. कारखाना चालू होता तोवर घरांना नंबर द्यायची गरज कुणाला वाटली नाही, कारण माणसांनाच नंबर होते. छातीवर पितळी बिल्ला, बिल्ल्यावर आकडा. पत्र आलं की गेटवरचा पहारेकरी आकडा पुकारायचा आणि माणूस येऊन घेऊन जायचा. मग कारखाना बंद पडला, पहारेकरी गेला आणि नऊ रांगांना पत्ताच उरला नाही. पोस्टमनने महिनाभर प्रयत्न केला. दारोदार विचारत हिंडायचा. एके दिवशी चौथ्या रांगेतल्या कुत्र्याने त्याच्या पोटरीचा लचका तोडला आणि त्याने वस्तीपुढे हात टेकले. लंगडत रस्ता ओलांडून तो समोरच्या केस कापायच्या दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "आजपासून यांचं सगळं टपाल इथे टाकणार. त्यांना सांगा, पत्ता तुमचा द्यायचा."

मामा तेव्हा तिशीतले. ते "बरं" म्हणाले. केस कापणाऱ्याने बोलकं असावं अशी लोकांची अपेक्षा असते, मामा त्या बाबतीत गिऱ्हाइकांची साफ निराशा करत. "मागे बारीक?" आणि "मान खाली" एवढ्या दोन वाक्यांवर त्यांनी आयुष्य काढलं होतं. घरात बोलायचं काम मामींकडे होतं आणि त्या ते दोघांच्याही वाटचं करत.

"बरं" तर म्हणून बसले, पण मामांची शाळा चौथीत सुटलेली. छापलेलं कसंबसं लागायचं, हाताचं अक्षर लागायचं नाही. पहिल्याच महिन्यात त्यांनी एका माणसाचं पत्र त्याच आडनावाच्या दुसऱ्याच्या हाती दिलं. ते नोकरीचं बोलावणं होतं. खऱ्या माणसाला मिळालं तेव्हा मुलाखत होऊन तीन दिवस झाले होते. तो भांडला असता तर मामांना बरं वाटलं असतं. तो नुसताच दुकानाच्या पायरीवर पत्र हातात घेऊन बसला, बराच वेळ. मामांना ते फार लागलं. त्यांनी मामींपुढे जुनी पाकिटं ठेवली आणि म्हणाले, "शिकव." वर्षभरात ते कसलंही गिचमीड अक्षर लावू लागले. आणखी एक त्यांनी ठरवून टाकलं, की यापुढे पत्र कुणाच्या हाती पाठवायचं नाही, आपण दारात जाऊन द्यायचं.

दुपारी दोन ते चार दुकान बंद असे. त्या वेळात बाकीचे दुकानदार जेवून पडत आणि मामा पिशवी घेऊन वस्तीत फिरत. टॉवेलांच्या कपाटाला त्यांनी सुताराकडून नऊ खण करून घेतले, एका रांगेला एक. टॉवेल खिळ्यावर गेले. "लोकांची पत्रं कपाटात आणि आपले टॉवेल भिंतीवर," मामी म्हणत, "अहो, संसार कुणाचा चाललाय इथे?" पण एखाद्या आजीबाईचा मुलगा दूरदेशी असला आणि मामांना तिचं पत्र वाचून दाखवायला वेळ नसला, तर पदर खोचून त्याच जात.

असं करता करता वस्तीचा पत्ता म्हणजे मामांचं दुकान हे पक्कं झालं. शाळेचा दाखला, दवाखान्याचा कागद, सगळीकडे तेच. मतदार नोंदणीचे अर्ज आले तेव्हा लोकांनी विचारलं, "मामा, घराचा पत्ता काय लिहू?" मामा म्हणाले, "दुकानाचा लिही. नाहीतर कार्ड यायचं नाही." दर निवडणुकीआधी पालिकेचा कारकून पडताळणीला यायचा. कोण कुठे राहतं हे त्याने घरोघर जाऊन बघायचं, असा नियम. तो मामांच्या खुर्चीत बसायचा, दाढी करून घ्यायचा आणि फेस सुकायच्या आत सगळ्या नावांपुढे टिक मारून मोकळा व्हायचा. तेव्हा वस्ती आणि दुकानांची ओळ एकाच प्रभागात होती, म्हणून या गोष्टीने कुणाचंच काही बिघडत नव्हतं.

मग प्रभागांची नवी रचना निघाली.

नकाशा पालिकेच्या व्हरांड्यात लावला होता. तो बघायला वस्तीतून गेली इस्त्रीवाली आक्का. सहाव्या रांगेच्या तोंडाशी तिचं टेबल, अख्ख्या रस्त्याचे कपडे तिच्या हाताखालून जात. मागच्या निवडणुकीला ती उभी राहिली होती आणि एकेचाळीस मतांनी पडली. कारखान्याचं जुनं गटार तुंबून मागच्या तीन रांगांत गुडघाभर पाणी चढायचं, त्याचा निकाल लावायचा एवढाच तिचा जाहीरनामा. या वेळी ती निवडून येणार हे तिच्या विरोधकांनाही कळून चुकलं होतं. ती नकाशा बघून आली ती थेट दुकानात. खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर होतं. त्याला ओलांडून ती म्हणाली, "मामा, आपण नाहीच."

"म्हणजे?"

"नकाशात वस्तीच नाही. तिथे लिहिलंय, बंद कारखान्याची मोकळी जागा. ती नेऊन डोंगराकडच्या वॉर्डाला जोडलीय. रेघ बरोबर रस्त्याच्या मधोमध. आणि आपली सगळ्यांची नावं रेघेच्या या बाजूला, तुमच्या दुकानात. म्हणजे बाजाराच्या वॉर्डात."

मामांचा वस्तरा हवेत थांबला. गिऱ्हाइकाने मान मागे घेतली, आणि त्याचं बरोबरच होतं.

प्रकार असा झाला होता, की रचना करणाऱ्यांनी माणसं मोजली ती यादीतल्या पत्त्यांवरून. वस्तीच्या बाजूला त्यांना एकही मतदार दिसला नाही. म्हणजे घरं एका प्रभागात, मतं दुसऱ्यात. डोंगराकडचा सदस्य म्हणणार, तुम्ही मला मत देत नाही, तुमच्या गटाराशी माझा काय संबंध. बाजाराचा सदस्य म्हणणार, तुमचं गटार माझ्या हद्दीत नाही. शिवाय बाजाराचा प्रभाग सात हजारांचा, त्यात सहाशे दहा मतं कुठल्या कुठे बुडून जाणार. आक्काने तर कुठून उभं राहायचं हाच प्रश्न.

पत्ता बदलायला जावं, तर दुरुस्तीची मुदत नकाशा लागायच्या आदल्या दिवशीच संपलेली. हरकतींच्या सुनावणीला आक्का आणि मामा गेले. अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे विचारलं, "तुम्ही दुकानात राहत असाल, तर तुमचा प्रभाग बाजाराचा. राहत नसाल, तर तुम्ही खोटा पत्ता दिलाय, मला सगळी नावं कापावी लागतील. बोला, काय लिहू?"

आक्का मामांना घेऊन बाहेर आली.

कोर्टात जायचं ठरलं. वस्तीला मिळाल्या त्या वकीलबाई कोर्टामागच्या गल्लीत बसत आणि मुख्यतः घरमालक-भाडेकरूंचे खटले चालवत. असला खटला त्यांनी उभ्या जन्मात चालवला नव्हता आणि तसं त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं. पण त्यांनी कागद वाचले, दोन दिवस घेतले आणि मग मामांच्या दुकानात येऊन बाकावर बसल्या.

"खोटा पत्ता आणि चुकीचा पत्ता यात फरक आहे," त्या म्हणाल्या. "खोटा म्हणजे फसवायला दिलेला. तुमच्याकडे द्यायला दुसरा पत्ताच नव्हता, हे आपल्याला दाखवायचंय. आणि हे सहाशे दहा लोक खरोखर समोर राहतात, हेही. कोण कुठे राहतं हे नक्की कुणाला माहीत आहे?"

आक्काने मामांकडे बघितलं. मामींनीही बघितलं. मामा कंगवा पुसत होते.

"मग साक्ष तुमची," वकीलबाई म्हणाल्या. "पण आधीच सांगते. तुम्हाला शपथेवर विचारतील, हा पत्ता लिहायला कुणी सांगितलं. तुम्ही म्हणालात, मी, तर चुकीची माहिती भरायला लावली म्हणून खटला तुमच्यावरच होऊ शकतो. त्याला कैद आहे."

मामी काहीच बोलल्या नाहीत. मामांना कैदेपेक्षा त्याचीच जास्त धास्ती वाटली.

जेवताना मामींचं तोंड उघडलं. "त्या पोस्टमनचं नाव सांगा की. त्यानेच सुरू केलं सगळं."

"तो कधीच वारला."

"म्हणून तर म्हणते. त्याला कोण कैद करणार?"

मामा पाणी प्यायले. "त्याने टपालाचं सांगितलं होतं. अर्जावर लिहायला मी सांगितलं."

"आणि तुम्हाला आत टाकलं तर?"

"तर तू पत्रं वाट. तुला रांगा माहीत आहेत."

मामींना हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. त्यांनी पदराने दोन्ही पुसलं. नंतर त्या मामांचा पांढरा शर्ट घेऊन आक्काकडे गेल्या आणि म्हणाल्या, "कॉलर नीट कर. साक्षीला जायचंय त्यांना." आक्काने तो शर्ट तीनदा इस्त्री केला.

कोर्टाची खोली लहान, पंखा मोठा आणि त्याचा आवाज त्याहून मोठा. वस्तीतली पंचवीसेक माणसं मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसली होती. न्यायाधीश वयस्कर, चष्म्यावरून बघणारे. पालिकेचे वकील उंचेपुरे, आवाज कमावलेला. सुरुवातीला मामांनी आपल्या नेहमीच्या पद्धतीने "हो" आणि "नाही"वर भागवलं. वकीलबाईंना घाम फुटला. मग पालिकेचे वकील उठले.

"तुमच्या दुकानात रोज किती माणसं झोपतात?"

"एकही नाही. आम्ही वर झोपतो."

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं आणि हसणं थांबलं.

"म्हणजे या सहाशे दहा लोकांनी सरकारी अर्जावर धडधडीत खोटं लिहिलं?"

मामांनी कठड्यावरचा हात काढला. वकीलबाईंनी मान खाली घातली.

"लिहिलं त्यांनी, सांगितलं मी," मामा म्हणाले. "साहेब, त्यांच्या घरांना नंबर नाहीत. नंबर मागायला हे लोक पालिकेत अकरा वेळा गेले. अर्जाच्या पोचपावत्या माझ्या खणात आहेत, कारण त्याही माझ्याच पत्त्यावर आल्या. पालिकेला पोचपावती पाठवायला माझा पत्ता चालला. मग मताला का चालत नाही, ते मला कळत नाही. चूक असेल तर ती माझी आहे. यांची नावं कापू नका."

एवढं सलग बोलणं मामांनी आयुष्यात केलं नव्हतं. आक्का नंतर सांगायची, की त्या क्षणी पंखासुद्धा बंद पडल्यासारखा वाटला.

न्यायाधीशांनी स्वतःच विचारलं, "या सगळ्यांची घरं तुम्हाला माहीत आहेत?"

"हो."

"सहाशे दहा?"

"माणसं सहाशे दहा. घरं एकशे अठ्ठ्याण्णव."

न्यायाधीशांनी थोडा वेळ काहीतरी लिहिलं आणि हुकूम दिला. कोर्टाची एक अधिकारी वस्तीत जाईल. यादीतली वीस नावं ती स्वतः निवडेल आणि ती जागेवरच उघड करेल. साक्षीदाराने तिला त्या त्या दारात न्यायचं, कुणाला काही न विचारता. दोन्ही वकील बरोबर असतील.

त्या सकाळी वस्तीने जे केलं ते वस्तीच्या स्वभावात मुळीच नव्हतं. ती गप्प बसली. कुणी कुणाला हाक मारली नाही, रेडिओ बंद, कुत्री आत बांधलेली. दारादारांत माणसं उभी होती, आणि सगळ्यांची नजर मामांच्या पायांवर. कोर्टाच्या अधिकारी बाई ठेंगण्या आणि करड्या चेहऱ्याच्या. त्यांनी बंद पाकीट फोडलं, पहिलं नाव वाचलं आणि मामांकडे पाहिलं. मामा चालू लागले. तिसरी रांग, डावीकडून सातवं दार. आत बसलेल्या माणसाने तेच नाव सांगितलं. बाईंनी कार्ड तपासलं आणि खूण केली.

दुसरं नाव पहिल्या रांगेत सापडलं. तिसऱ्या नावाच्या माणसाला घाबरून आपलं कार्डच सापडेना. ट्रंक उपसून झाली, गादी उलटून झाली. पालिकेचे वकील घड्याळ बघू लागले. मामा सावकाश म्हणाले, "डाव्या कानामागे दोन टाक्यांची खूण असेल. लहानपणी पडला होता. तिथे वस्तरा जपून चालवावा लागतो." अधिकारी बाईंनी त्याला मान वळवायला सांगितली. खूण होती. बाईंच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला, आणि तेवढ्यात कार्डही सापडलं.

सहा नावं बिनचूक झाली. पालिकेच्या वकिलांचे बूट सातव्या रांगेच्या चिखलात पुरते माखले, आणि गटाराचा प्रश्न त्यांना न सांगता कळला. सातवं नाव वाचल्यावर मात्र मामा हललेच नाहीत.

"माहीत नाही?" बाईंनी विचारलं.

"माहीत आहे. पण तो आता इथे राहत नाही. पाच महिने झाले, बायकामुलं घेऊन दुसऱ्या शहरात गेला. घर पाचव्या रांगेत, दाराला कुलूप आहे."

त्या घरापुढे मामा उभे राहिले असते आणि शेजाऱ्याने "कामावर गेलाय" म्हटलं असतं, तर ते खपून गेलं असतं. मामांना ते सुचलंच नाही. किंवा सुचलं असेल, पण पाय वळले नाहीत. पालिकेच्या वकिलांनी आपल्या वहीत ते दोनदा अधोरेखित केलं.

चौदावं नाव एका बाईंचं होतं. मामा आठव्या रांगेच्या टोकाशी गेले. दारात एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून उभे होते. मामा त्यांच्याशेजारी जाऊन थांबले.

"या बाईंना जाऊन चार वर्षं झाली," मामा म्हणाले. "हे त्यांचे यजमान."

"मग नाव यादीत कसं?" अधिकारी बाईंचा आवाज कडक झाला.

म्हाताऱ्यांनीच उत्तर दिलं. "मी कापू दिलं नाही. निवडणूक आली की तिच्या नावाची चिठ्ठी येते. दुसरं कुणी आता तिला काही पाठवत नाही. मामा आणून देतात, मी ठेवून देतो. मत नाही टाकलं कधी तिच्या नावाचं. शप्पथ."

"मी कळवायला हवं होतं," मामा म्हणाले. "राहून गेलं."

अधिकारी बाई लिहीत राहिल्या. दोन ओळींचं काम होतं, पण त्यांना बराच वेळ लागला. पालिकेच्या वकिलांनी या वेळी वही उघडली नाही.

विसावं दार सव्वादोन तासांनी झालं. अठरा माणसं मामांनी नेलं त्याच दारात सापडली. दोन सापडली नाहीत, आणि ती सापडणार नाहीत हे मामांनीच आधी सांगितलं होतं. त्या दोन नावांनी आपण हरणार अशी वकीलबाईंची खात्री झाली होती. निकाल तीन आठवड्यांनी लागला तेव्हा न्यायाधीशांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच दोन नावांवर घालवला. जो साक्षीदार स्वतःच्या विरुद्ध जाणारं खरं बोलतो, त्याने इतर अठरा दारांत काय सांगितलं यावर संशय घ्यायचं मला कारण दिसत नाही, असं त्यांनी वाचून दाखवलं. आणि पुढे, की ज्यांना पालिकेने पत्ता दिला नाही त्यांनी शेजाऱ्याचा पत्ता वापरला, म्हणून त्यांचं मत काढून घेता येणार नाही.

घरांना पंधरा दिवसांत नंबर द्यायचे. यादीतले पत्ते बदलायचे, गेलेल्यांची नावं काढायची. वस्ती आणि तिच्यामागची कालव्याकडची गल्ली मिळून एक प्रभाग करायचा. मामांवर काहीही कारवाई नाही. आणि रस्ता ही हद्द कायम.

मागच्या बाकांवर रडारड सुरू झाली होती, आणि आक्का ती थांबवायच्या नावाखाली स्वतःच मोठ्याने रडत होती. वकीलबाईंनी मामांना जिन्याशी गाठलं. त्यांचा चेहरा पडला होता.

"मामा, एक लक्षात आलं का तुमच्या? हद्द रस्ताच आहे. तुमचं दुकान बाजाराच्या बाजूला राहिलं. आपल्या प्रभागात तुम्ही नाही."

"आलं लक्षात."

"मी अर्ज करून बघते. एवढीशी जागा तर आहे, रेघ जरा वळवायची."

मामांनी मान हलवली. "माझ्यासाठी वळवली, तर उद्या कुणी स्वतःसाठी वळवून मागेल. राहू द्या. लोकांना सांगू नका."

नंबर टाकायला पालिकेची माणसं रंगाचे डबे घेऊन आली. सुरुवात कुठून करायची यावर त्यांच्यात वाद झाला, तो मामांनी आपल्या टपालाच्या वाटेने नेऊन मिटवला. नवा पोस्टमनही आला. तरुण होता, कुत्र्यांना घाबरत नव्हता. नवी यादी लागली तेव्हा मामा एकटेच जाऊन बघून आले. दुकानाच्या पत्त्यावर दोन नावं होती. घरी आल्यावर मामींनी विचारलं, "किती उरले?"

"आपण दोघं."

मामींनी चहा ओतला. "एवढा गोतावळा होता," त्या म्हणाल्या, आणि कप मामांपुढे सरकवला. मामांना वाईट वाटलं. बरंही वाटलं, आणि यातलं जास्त काय वाटलं हे त्यांना ठरवता येईना.

मतदानाच्या दिवशी मामी म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी पाठोपाठ येते." सातला पाच कमी असताना मामा इस्त्रीचा शर्ट घालून दुकानाबाहेर आले. त्यांचं केंद्र बाजारामागच्या शाळेत. वस्तीचं केंद्र समोरच, कारखान्याच्या जुन्या कँटीनमध्ये. तिथे गेटपासून रांग लागली होती आणि ती थेट चौथ्या रांगेपर्यंत गेली होती. गेट अजून उघडलं नव्हतं. आक्का उमेदवार, म्हणून नियमाप्रमाणे लांब उभी होती आणि तिथूनच लोकांना गप्प राहायच्या खुणा करत होती. सगळ्यात पुढे आठव्या रांगेतले ते म्हातारे होते. पण ते गेटला लागून उभे नव्हते. त्यांच्यापुढे एका माणसाची जागा मोकळी होती आणि तिथे त्यांनी आपली काठी आडवी धरली होती.

"या मामा, लवकर या," त्यांनी हाक मारली. "पहाटेपासून धरून ठेवलीय. पहिला नंबर तुमचा."

रांगेतल्या सगळ्यांनी वळून बघितलं. मामांनी रस्ता ओलांडला. तेवढ्या दहा पावलांत काय बोलायचं हे त्यांना सुचलं नाही, म्हणून जे होतं तेच बोलले.

"माझं नाव इथे नाही. बाजारात आहे."

म्हाताऱ्यांना कळेना. "असं कसं? कोर्टात तुम्हीच तर गेला होता."

"रेघ रस्त्यावरनं गेलीय. मी पलीकडचा."

मागे कुजबुज पसरत गेली. कुणीतरी म्हणालं, हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत. एक बाई डोळ्यांना पदर लावून उभी राहिली. म्हाताऱ्यांची काठी अजून तशीच आडवी होती.

"मग ही जागा?" त्यांनी विचारलं.

आतून गेटची कडी काढल्याचा आवाज आला. मामांनी म्हाताऱ्यांच्या हातातली काठी हळूच सरळ केली, जमिनीवर टेकवली आणि त्यांच्या कोपराला धरून त्यांना त्या मोकळ्या जागेत उभं केलं.

"तुमची," ते म्हणाले. "सरका पुढे, मागे सगळे थांबलेत."

गेट उघडलं. म्हातारे आत गेले आणि त्यांच्यामागे रांग पुढे सरकली. ती सरकताना मामांनी थोडा वेळ बघितली. मग ते रस्ता ओलांडून बाजाराच्या शाळेकडे, आपलं मत द्यायला गेले.